नवीन पीसीची रॅम: कुठली बसेल, कुठली चालेल आणि कुठली नुसती खोक्यावर छान दिसेल

पीसी असेंबल करायचा म्हटलं की लोक प्रोसेसरवर पंधरा पंधरा दिवस डोकं खाजवतात, ग्राफिक्स कार्डवरून मित्रांशी भांडतात, आणि रॅम मात्र अगदी शेवटी, "टाक रे ३२ जीबी कुठलीतरी" म्हणून उरकतात. मग दोन दिवसांनी मला फोन. डिस्प्ले येत नाही. किंवा डिस्प्ले येतो पण ३६०० ची रॅम २१३३ दाखवतेय, फसवलं का मला? फसवलं कुणी नाही, पण रॅमच्या बाबतीत "चालते का" हा एक प्रश्न नसून तीन प्रश्न आहेत हे कुणी सांगितलेलं नसतं: ती स्लॉटमध्ये बसते का, बसल्यावर मशीन चालू होतं का, आणि चालू झाल्यावर खोक्यावरच्या स्पीडला न रडता चालते का. पहिल्याचं उत्तर मदरबोर्ड देतो, दुसऱ्याचं बोर्ड आणि प्रोसेसर मिळून, आणि तिसऱ्याचं उत्तर बऱ्याचदा टेस्ट केल्याशिवाय कळतच नाही. त्याच क्रमाने जाऊया.

पायरी १: पिढी कुठली, ते बोर्डला विचारा

आज नव्या बिल्डमध्ये डीडीआर४ किंवा डीडीआर५ यातलीच एक असणार. ह्या दोन्ही एकमेकींच्या जागी चालत नाहीत, अॅडॉप्टर वगैरे भानगड नाही, बायॉस (बोर्डमधलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करूनही काही होत नाही. गंमत म्हणजे दोघींनाही २८८ पिना आहेत आणि लांबीही सारखीच, त्यामुळे फोटोत बघून भलेभले फसतात. दोन्ही स्टिक शेजारी शेजारी धरल्या की मग दिसतं, खालच्या सोनेरी पट्टीतली खाच डीडीआर५ मध्ये जवळजवळ मधोमध आलीये आणि डीडीआर४ ची थोडी बाजूला आहे. फरक काही मिलिमीटरचाच, पण तेवढ्यानेच चुकीची स्टिक स्लॉटमध्ये खाली जात नाही. जात नसेल तर जोर लावू नका. प्लीज. जोर लावून स्लॉट फोडलेला बोर्ड मी पाहिलाय.

प्रोसेसरच्या सॉकेटवरून, म्हणजे तो बोर्डवर ज्यात बसतो त्यावरून, पटकन अंदाज येतो. एएमडीचं एएम४ म्हणजे डीडीआर४, विषय संपला. २०२२ ला आलेलं एएम५ म्हणजे फक्त डीडीआर५. इंटेलकडे एलजीए१७००, म्हणजे १२ व्या, १३ व्या आणि १४ व्या पिढीचे प्रोसेसर, इथे खरी गडबड होते, कारण हे प्रोसेसर दोन्ही रॅम चालवतात पण बोर्ड साधारणपणे एकच चालवतो. एकाच नावाचा बी६६० किंवा बी७६० बोर्ड दोन अवतारांत मिळतो आणि बऱ्याचदा डीडीआर४ वाल्याच्या नावात शेवटी डी४ लावलेलं असतं, तेवढी दोन अक्षरं वाचायची राहिली की चुकीची रॅम घरी येते. त्यानंतरचं एलजीए१८५१, कोअर अल्ट्रा २०० वालं, परत फक्त डीडीआर५. शंका असेल तर बोर्ड बनवणाऱ्याच्या साइटवर त्या मॉडेलचं स्पेसिफिकेशनचं पान उघडा, मेमरी नावाची ओळ वाचा, बस. विकणाऱ्या साइटवरचं वर्णन वाचून ठरवू नका, तिथे कॉपी-पेस्ट चालतं.

पायरी २: डेस्कटॉपचीच स्टिक आहे ना?

हसू नका, लॅपटॉपची छोटी स्टिक मागवणारे लोक आहेत. डेस्कटॉपची ती लांब, डीआयएमएम. लॅपटॉपची आखूड, एसओ-डीआयएमएम. काही अगदी छोट्या पीसींमध्ये आखूडवाली लागते, पण तुम्ही नेहमीचा एटीएक्स किंवा मायक्रो एटीएक्स बोर्ड घेतलाय तर लांबच.

खरा सापळा आहे तो जुन्या सर्व्हरमधून काढलेल्या रॅमचा. मोठी कपॅसिटी, कमी पैसे, बघून तोंडाला पाणी सुटतं. ती रजिस्टर्ड असते, म्हणजे सिग्नल सांभाळणारी जास्तीची चिप असलेली, आरडीआयएमएम, आणि तुमच्या बोर्डला लागते ती चिप नसलेली अनबफर्ड, यूडीआयएमएम. डीडीआर४ मध्ये रजिस्टर्ड स्टिक साध्या बोर्डमध्ये अगदी झक्कास बसते, क्लिकही होते, आणि मग मशीन ढिम्म. डीडीआर५ मध्ये खाचच वेगळ्या जागी ठेवलीये म्हणून निदान ती बसत तरी नाही.

हे स्टिकरवर लिहिलेलं असतं, फक्त वाचता आलं पाहिजे. साध्या डीडीआर४ स्टिकवर साधारण असं काहीतरी असतं: ८जीबी १आरएक्स८ पीसी४-३२००एए-यूए२-११. पहिलं कपॅसिटी. १आर म्हणजे एक रँक (चिपांचा एक गट), एक्स८ हा चिपचा प्रकार. पीसी४ म्हणजे डीडीआर४, ३२०० स्पीड, आणि त्यानंतरच्या गटाचं पहिलं अक्षर आपल्या कामाचं, यू असेल तर साधी अनबफर्ड, आर असेल तर रजिस्टर्ड, एस असेल तर लॅपटॉपची, ई असेल तर ईसीसीवाली (डेटातल्या चुका पकडणारी) अनबफर्ड. स्टिकर फाटलेला असेल आणि वर पत्र्याचं हीटसिंक नसेल तर डीडीआर४ च्या काळ्या चिपा मोजा, ८ किंवा १६ म्हणजे साधी, ९ किंवा १८ म्हणजे ईसीसी. ती जास्तीची चिप चुका पकडण्यासाठी असते.

ईसीसीवरून आठवलं, डीडीआर५ विकताना "ऑन-डाय ईसीसी" असं मोठ्या अक्षरात लिहितात. ती चिपच्या पोटातली अंतर्गत दुरुस्ती आहे, प्रत्येक डीडीआर५ ला असते, त्यासाठी जास्त पैसे मोजू नका आणि तिला सर्व्हरवाली ईसीसी समजू नका.

पायरी ३: किती जीबी, आणि मुख्य म्हणजे किती स्टिक

कपॅसिटीवर फार वेळ घालवत नाही. ऑफिसचं काम आणि ब्राउझर एवढंच असेल तर १६ पुरते, गेमिंग आणि थोडंफार एडिटिंग असेल तर ३२ घ्या, व्हर्च्युअल मशीन, मोठे व्हिडिओ प्रोजेक्ट वगैरे असतील तर ६४ चा विचार करा. ग्राफिक्स कार्ड नसेल, प्रोसेसरमधलंच ग्राफिक्स वापरणार असाल, तर ते ह्याच रॅममधून आपला वाटा काढून घेतं हे धरून चला.

पण स्टिक किती, ह्यावर जरा थांबूया कारण सगळ्यात जास्त डोकेदुखी इथूनच सुरू होते. साध्या डेस्कटॉप प्रोसेसरला मेमरीचे दोन चॅनल, म्हणजे डेटा ये-जा करायचे दोन रस्ते, असतात. ३२०० ची एक स्टिक एका चॅनलवर सेकंदाला २५.६ जीबी डेटा देऊ शकते (३२०० गुणिले ८ बाइट, एवढंच गणित), दोन चॅनलवर दोन स्टिक म्हणजे दुप्पट. म्हणून १६ ची एक घेण्यापेक्षा ८ च्या दोन, हे डीडीआर४ ला डोळे झाकून खरं, आणि प्रोसेसरमधलं ग्राफिक्स वापरत असाल तर गेममध्ये हा फरक नुसत्या डोळ्यांनी दिसतो. डीडीआर५ मध्ये मात्र ८ जीबीची स्टिक टाळाच, तिच्यावर बहुतेक वेळा चारच रुंद चिपा असतात आणि १६ वालीपेक्षा ती हळू पडते. डीडीआर५ ला १६ च्या दोन इथूनच सुरुवात करा.

मग कुणीतरी म्हणतं, बोर्डला चार स्लॉट आहेत तर चार भरू ना, दिसायलाही छान. डीडीआर४ मध्ये बऱ्याचदा खपून जातं. डीडीआर५ मध्ये नाही. एएमडीने एएम५ वरच्या रायझन ७००० प्रोसेसरसाठी स्वतःच लिहून ठेवलंय की दोन स्टिक असतील तर ५२००, आणि चार टाकल्या तर ३६००. ५२०० वरून सरळ ३६०० वर! काही जण चार स्टिक जास्त स्पीडला चालवतात, पण त्याची हमी कुणी घेत नाही. कारण साधं आहे, एकाच वायरीवर दोन स्टिक लटकल्या की सिग्नल गढूळ होतो आणि प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरची दमछाक होते. तेव्हा ६४ हवी असेल तर ३२ च्या दोन, ९६ हवी असेल तर ४८ च्या दोन. (२४ आणि ४८ वाल्या स्टिक डीडीआर५ मध्येच आल्या, जुन्या बायॉसला त्या ओळखता येत नाहीत, आधी बायॉस अपडेट करा.)

आणि हे जरा मोठ्याने सांगतो: जेवढी रॅम लागणार तेवढी एकाच खोक्यात, एकच किट म्हणून घ्या. "आत्ता एक खोकं घेतो, नंतर तेच मॉडेल परत घेतो" हा उद्योग मी करून बसलोय. ८ च्या दोन होत्या, ३२०० सीएल१६ (सीएल काय ते पुढे सांगतो), दीड वर्षाने त्याच कंपनीचं, त्याच नावाचं दुसरं खोकं आणलं, चारही टाकल्या, विंडोज सुरू, सगळं छान. आठवड्याने एक झिप फाइल उघडेना, करप्ट म्हणाली, मी परत डाउनलोड केली, उघडली, विसरलो. मग दुसरी. मग बॅकअपमधला एक फोटो अर्धा राखाडी निघाला तेव्हा पोटात गोळा आला. हार्ड डिस्कवर संशय घेतला, केबल बदलली, दहा दिवस असे गेले आणि शेवटी मेमटेस्ट, म्हणजे रॅम तपासणारं सॉफ्टवेअर, लावली तर तिसऱ्या फेरीत लाल ओळी. नवीन खोक्यातल्या स्टिक एकट्या टाकल्या तर ठीक, जुन्या एकट्या टाकल्या तर ठीक, चार एकत्र म्हणजे भांडण. सीपीयू-झेड ह्या हार्डवेअरची माहिती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये पाहिलं तर दोन्ही खोक्यांतल्या चिपा वेगवेगळ्या कंपन्यांच्या. नाव तेच, आतला माल वेगळा, आणि हे सर्रास चालतं, त्यात बेकायदा काही नाही. २९३३ वर आणल्यावर त्या शांत झाल्या, पण ते फोटो गेले ते गेलेच.

पायरी ४: स्पीडचा आकडा

खोक्यावर ३२००, ६००० असं जे लिहितात ते बोलताना मेगाहर्ट्झ म्हणतात, खरं तर ते सेकंदाला होणारे दशलक्ष ट्रान्सफर आहेत. डीडीआर म्हणजे एका ठोक्याला दोनदा डेटा, म्हणून ३२०० च्या रॅमचं खरं घड्याळ १६०० चं. सीपीयू-झेड हे १६०० दाखवतं आणि लोक घाबरून फोन करतात. दुप्पट करा आणि झोपा.

पण २१३३ दिसतंय तर? तेही बरोबरच आहे. जेडेक नावाची संस्था मेमरीची प्रमाणं ठरवते, आणि नवीन बोर्ड पहिल्यांदा चालू होताना जेडेकच्या सुरक्षित स्पीडलाच चालू होतो, डीडीआर४ असेल तर २१३३, २४०० किंवा २६६६, डीडीआर५ असेल तर बहुधा ४८०० किंवा ५६००. खोक्यावरचा मोठा आकडा हा एक प्रोफाइल असतो, स्टिकवरच्या छोट्या चिपमध्ये साठवलेला, इंटेलचा एक्सएमपी आणि एएमडीचा डीडीआर५ साठीचा एक्स्पो. तो बायॉसमध्ये जाऊन तुम्हाला चालू करावा लागतो. काही एएमडी बोर्डांवर एक्सएमपीलाच डीओसीपी म्हणतात. आणि हा प्रोफाइल म्हणजे तांत्रिकदृष्ट्या ओव्हरक्लॉकिंगच, ठरलेल्या प्रमाणापेक्षा जास्त पळवणंच आहे, डीडीआर४ चं प्रमाण व्होल्टेज १.२ असताना हे बहुतेक प्रोफाइल १.३५ ला चालतात.

म्हणजे खोक्यावरचा आकडा ही रॅमची ऐपत झाली. तुमच्या मशीनची ऐपत वेगळी, तिच्या दोन मर्यादा आहेत. एक बोर्डची: इंटेलच्या एच६१० बोर्डवर मेमरी ओव्हरक्लॉकिंगच नाही, तिथे ३६०० ची डीडीआर४ टाकून ती ३२०० च्या वर जाणार नाही. जुना बी४६० असेल आणि त्यावर १० व्या पिढीचा आय५, तर २६६६ च्या वर विसरा. जास्त स्पीडची रॅम टाकून नुकसान काही होत नाही, ती खाली येऊन चालते, फक्त पैसे वाया. दुसरी मर्यादा प्रोसेसरची: कंपनी जो अधिकृत आकडा देते त्याच्या वर तुम्ही तुमच्या जबाबदारीवर.

माझं मत विचाराल तर एएम४ वर ३२०० किंवा ३६००, एएम५ वर ६०००, आणि तिथेच थांबायचं. ह्या आकड्यांमागे कारण आहे. एएम४ वरच्या रायझन ५००० मध्ये प्रोसेसरच्या भागांना जोडणारं आतलं घड्याळ रॅमच्या घड्याळाबरोबर जोडीने चालतं, ३६०० ला ते १८०० वर असतं आणि बहुतेक प्रोसेसर तिथपर्यंत आरामात पोचतात, त्याच्या वर गेलं की जोडी तुटायला लागते. मग आकडा मोठा होऊनही काम हळू. एएम५ मध्ये ६००० ला मेमरी कंट्रोलर रॅमबरोबर एकास एक चालतो, साधारण ६४०० च्या पुढे तो अर्ध्या स्पीडला पडतो. इंटेल डीडीआर५ मध्ये त्याहून वरचे आकडे झेपवतं, पण तिथेही बोर्ड चांगला लागतो, स्वस्तातल्या बोर्डवर ७२०० ची रॅम म्हणजे आठवड्याची सुट्टी टेस्टिंगमध्ये घालवणं.

आता सीएल. हा उशीर आहे, पण नॅनोसेकंदात नाही, ठोक्यांमध्ये मोजलेला, म्हणून नुसते सीएल समोरासमोर ठेवून काही कळत नाही. सीएलला २००० ने गुणा आणि स्पीडने भागा. ३२०० सीएल१६ म्हणजे १० नॅनोसेकंद. ३६०० सीएल१८ म्हणजे १०. ६००० सीएल३० म्हणजेही १०! ६००० सीएल३६ म्हणजे १२. "डीडीआर५ चा सीएल ३० आहे, माझ्या जुन्या रॅमचा १६ होता, म्हणजे डीडीआर५ हळू" हा वाद ह्या एका भागाकारात मिटतो.

पायरी ५: क्यूव्हीएल आणि पार्ट नंबर

बोर्ड बनवणारी कंपनी कुठल्या स्टिक कुठल्या स्पीडला टेस्ट केल्या त्याची यादी साइटवर टाकते, तिला क्यूव्हीएल म्हणतात, सपोर्टच्या पानावर मेमरीखाली सापडते. एकाच बोर्डला प्रोसेसरच्या पिढीप्रमाणे वेगवेगळ्या याद्या असतात, आपली बघून उघडा. यादीत नाव असेल तर उत्तम, नसेल तर ती चालणार नाही असा अर्थ नाही, जगातली प्रत्येक रॅम कोण टेस्ट करत बसणार. पण एक रकाना लोक बघतच नाहीत, किती स्टिक टाकून टेस्ट केली त्याचा. १, २, ४ अशा खुणा असतात, आणि तुमच्या स्पीडच्या ओळीत ४ समोर रिकामं असेल तर चारच्या नादाला लागू नका. उलट बाजूने रॅम कंपन्यांच्या साइटवरही बोर्ड निवडून चालणाऱ्या किट बघता येतात.

यादीत शोधताना जाहिरातीतलं नाव कामाचं नाही, पूर्ण पार्ट नंबर लागतो. तो एकदा वाचायला शिकलात की अर्धी माहिती त्यातच मिळते. कोर्सेअरचा सीएमके३२जीएक्स४एम२ई३२००सी१६ घ्या: ३२जी म्हणजे एकूण ३२ जीबी, एक्स४ म्हणजे डीडीआर४, एम२ म्हणजे दोन स्टिक, मग ३२०० स्पीड आणि सी१६ म्हणजे सीएल१६. जी.स्किलचा एफ५-६०००जे३०३८एफ१६जीएक्स२: एफ५ म्हणजे डीडीआर५, ६००० स्पीड, ३० हा सीएल, ३८ त्याच्या पुढचं टायमिंग, १६जीएक्स२ म्हणजे १६ च्या दोन. ऑनलाइन पानावर वर "३२ जीबी" आणि पार्ट नंबरात एम१ दिसलं तर समजा एकच स्टिक येणारे.

पायरी ६: उंची

हे छोटं आहे पण चुकलं की चिडचिड होते. साधी, पत्रा नसलेली स्टिक साधारण ३१ मिमी उंच असते. लाइटवाल्या, मुकुटवाल्या स्टिक ४४ मिमी आणि काही त्याहूनही उंच असतात. आणि मोठा टॉवर एअर कूलर स्लॉटच्या डोक्यावर येतो, नॉक्टुआच्या एनएच-डी१५ खाली दोन्ही पंखे लावल्यावर ३२ मिमीच जागा उरते. पंखा वर सरकवता येतो, पण मग तो कॅबिनेटच्या काचेला टेकू शकतो. कूलरच्या पानावर रॅम क्लिअरन्स लिहिलेलं असतं, तो आकडा आणि स्टिकची उंची, दोन मिनिटांचं काम. लिक्विड कूलर असेल तर बहुतेक वेळा ही पायरी सोडून देता येते.

पायरी ७: बसवणं आणि त्यानंतरचा घाम

वीज बंद, मागचं बटण बंद, कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला हात लावून घ्या. चार स्लॉटच्या बोर्डवर दोन स्टिक असतील तर प्रोसेसरपासून मोजून दुसरा आणि चौथा स्लॉट, बोर्डवर ए२ आणि बी२ लिहिलेलं असतं. पहिला-दुसरा भरला तर दोन्ही स्टिक एकाच चॅनलवर जातात, आणि मेमरी काही न बोलता अर्ध्या वेगाने चालत राहते. तरी मॅन्युअलमधलं चित्र एकदा बघाच. खाच जुळवा, दोन्ही टोकांवर अंगठे ठेवून सरळ खाली दाबा, टक्क आवाज आला पाहिजे. काही बोर्डांवर एकाच बाजूला चाप असतो, तिथे दुसरं टोक अर्धवट वर राहतं आणि बघणाऱ्याला कळत नाही.

आता डीडीआर५ वाल्यांनी लक्ष द्या, विशेषतः एएम५ वाल्यांनी. पहिल्यांदा चालू केल्यावर पंखे फिरतात आणि स्क्रीन काळी राहते, कधी कधी कितीतरी मिनिटं. बोर्ड रॅमचं ट्रेनिंग करत असतो, म्हणजे सिग्नल जुळवून घेत असतो. बोर्डवर डीरॅम नावाचा छोटा दिवा पेटलेला दिसेल. हात लावू नका, बंद करू नका, चहा घेऊन या. पंधरा मिनिटांनीही काही नाही तर मग वीज बंद करून एकच स्टिक ए२ मध्ये टाकून बघा, सीमॉस क्लिअर करा (म्हणजे बायॉसच्या सेटिंग मूळ जागी आणा), आणि त्यावर चालू झालं तर सगळ्यात आधी बायॉस अपडेट.

विंडोज टाकण्याआधी एक्सएमपी किंवा एक्स्पो चालू करा आणि पेन ड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ लावा, चार फेऱ्या पूर्ण, रात्रभर लागली तरी चालेल. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग मेमरी, तिथे स्पीड आणि किती स्लॉट वापरात ते दिसतं, पण ते फक्त स्पीड लागला एवढंच सांगतं, रॅम चुका करत नाही असं नाही. एक जरी एरर आली तरी "एकच तर आहे" म्हणू नका. प्रोफाइल बंद करून परत टेस्ट करा. आता स्वच्छ आली तर स्टिक मेलेली नाही, तो स्पीड ह्या मशीनला झेपत नाहीये, एक पायरी खाली उतरा, ६००० ऐवजी ५६००. प्रोफाइल बंद असतानाही एरर येत असेल तर एकेक स्टिक ए२ मध्ये टाकून बघा. दोन्ही स्टिक एकट्याने एरर देत असतील तर संशय स्लॉटवर किंवा प्रोसेसरवर, आणि एकच देत असेल तर ती खराब, पण परत करताना दोन्ही द्यायच्या, पूर्ण किट, कारण बदली आलेली एकटी स्टिक म्हणजे पुन्हा वेगळ्या चिपांचा जुगार. म्हणून टेस्ट संपेपर्यंत खोकं आणि बिल टाकू नका.